डब्यांच्या बुडाखालचे बारा शब्द

माझं लग्न झालं तेव्हा सांगलीहून मद्रासला येताना आईनं मला बजावलं होतं, "तिकडची माणसं चांगली आहेत, पण त्यांची मराठी सांभाळून घे." मी काही सांभाळून घेतली नाही. माझा स्वभावच नाही तो. सासर तंजावरकडचं. ही मंडळी पिढ्यान् पिढ्या तमिळ मुलुखात राहिलेली, घरात मराठी बोलणारी, पण कशी मराठी! लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात नवरा पिशवी घेऊन आला आणि म्हणाला, "मी भाजी आणलों." मी म्हटलं, "भाजी आणली." तो म्हणाला, "तू कुठे आणली? मी आणलों ना." घ्या! आता काय बोलायचं याच्यापुढे?

त्यांच्या मराठीत क्रियापद भाजीचं ऐकत नाही, आणणाऱ्याचं ऐकतं. बाप्या माणसानं भाजी आणली तर "आणलों", बाईनं आणली तर "आणले". आम्ही सांगलीची माणसं भाजीला मान देतो, हे स्वतःला देतात, असं मी नवऱ्याला चिडवायची. पुढे मुलगी झाली. शेजार तमिळ, शाळा इंग्रजी, आणि घरात मराठी बापाची. "आई, मी पोळी खाल्ले." मी लगेच, "खाल्ली." "आई, मी वही विसरले." "विसर… नाही, 'मी वही विसरले' हे चालतं, जा." कधी चालतं आणि कधी चालत नाही हे त्या पोरीला कधी कळलं नाही, आणि मी गणिताची मास्तरीण असल्यामुळे सोडलंही नाही. शेवटी ती कंटाळून म्हणायची, "आई, पुरे गं तुझी शाळा!" आणि तमिळमध्ये बापाशी बोलायला लागायची. ते दोघं माझ्यावर हसतात हे मला कळायचं. तमिळ मला चांगलं येतं.

मुलगी मेकॅनिकल इंजिनिअर झाली. गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात यंत्रांच्या सुट्या भागांची डिझाइन करायची. हात तिचा असा की वरिष्ठ तिचंच काम गिऱ्हाइकापुढे ठेवायचे, मात्र कागदाच्या कोपऱ्यात नाव दुसऱ्याचं. दोनदा सांगून पाहिलं तिनं. तिसऱ्यांदा राजीनामा दिला. माझ्या तोंडचं पाणी पळालं, पण मनातून मला बरं वाटलं. माझीच लेक ती.

मग ती घरी बसून परदेशातल्या छोट्या कंपन्यांसाठी डिझाइन करू लागली, आणि त्यातले बरेच जण पैसे द्यायचे ते क्रिप्टोमध्ये. मला काय कळतंय त्यातलं! हातात घ्यायला नोट नाही, बँकेचा शिक्का नाही, पासबुक नाही. "ही कसली मिळकत?" मी विचारलं. ती म्हणाली, "आई, हे माझं स्वतःचं. मध्ये कुणी नाही." ते साठवून ती एक सेकंडहँड मिलिंग मशीन घेणार होती, गिंडीतच एक छोटी शेड भाड्यानं घेणार होती, आणि तिथून जो भाग बाहेर पडेल त्यावर तिचं नाव असणार होतं. चार वर्षं नवी साडी घेतली नाही पोरीनं. मैत्रिणी फिरायला जायच्या, ही मान मोडून काम करत बसायची.

हे सगळं धन होतं एका ऑनलाइन वॉलेटमध्ये, म्हणजे तिच्या फोनमधल्या एका ॲपमध्ये. त्याची किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द. साधेच शब्द, पहिली दुसरीच्या पुस्तकात असतात तसले, पण ठरावीक क्रमानं. फोन हरवला, मोडला, तर कुठल्याही दुसऱ्या फोनवर ते बारा शब्द घातले की वॉलेट पुन्हा उघडतं. आणि ते कुणा चोराला मिळाले तर त्याच्यासाठीही उघडतं. मग तक्रार कुणाकडे करायची? कुणाकडेच नाही. ज्याच्याकडे शब्द, तो मालक.

"फोटो काढायचा नाही, फोनमध्ये लिहायचे नाहीत, मेलमध्ये तर मुळीच नाही," असं ती मला शिकवत होती, जणू मीच ते गावभर वाटणार होते. मग तिनं काय केलं? आमच्याकडे स्टीलच्या भांड्यांवर नावं कोरायची पद्धत आहे. लग्नाकार्यात दिलेल्या प्रत्येक भांड्यावर कुणी दिलं ते कोरलेलं असतं. पोरीनं स्वतःचं कोरायचं पेन आणलं आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या डाळी-मसाल्याच्या बारा डब्यांच्या बुडाखाली एकेक शब्द कोरला. क्रम? माझ्या फळीचा क्रम. आधी तूर, मग उडीद, मग मूग, असं करत शेवटी मेथी. गेली तीस वर्षं त्या फळीवरचा डबा इकडचा तिकडे झालेला नाही. नवऱ्यानं एकदा जिरे आणि मोहरी यांची अदलाबदल केली होती, त्यानंतर त्यानं पुन्हा कधी तसं धाडस केलं नाही.

"आणि आई," ती म्हणाली, "हे शब्द कुणालाही सांगायचे नाहीत. मी सोडून."

तिथंच घोटाळा होता. "मी सोडून."

त्या दिवशी ती कोइमतूरला गेली होती मशीन बघायला. आदल्या रात्रीच्या गाडीनं गेली. नवरा रेल्वेतून रिटायर झालेला, त्यामुळे स्टेशनवर नेऊन गाडीत बसवण्याचा मान त्याचा. सकाळी दहाच्या सुमारास मी सांबारासाठी डाळ शिजत टाकली होती, तेवढ्यात माझा फोन वाजला. पडद्यावर लेकीचा फोटो, लेकीचं नाव.

"आई, माझा फोन हॅक झालाय गं. कुणीतरी वॉलेटमधून पैसे काढतंय. मला आत्ताच्या आत्ता दुसऱ्या फोनवर ते उघडायला पाहिजे. डब्यांखालचे शब्द वाच ना पटकन."

आवाज तिचा. तोच किंचित नाकातला आवाज, सर्दी नसली तरी सर्दी झाल्यासारखा. नंबर तिचा. आणि डब्यांचं तर आमच्या तिघांशिवाय कुणाला माहीतच नाही. मी गॅस बंद केला, फोन स्पीकरवर ठेवला आणि तुरीचा डबा उचलून डोक्यावर धरला. झाकण सैल होतं. डबा कलला आणि डाळ केसांत पडली. पडू दे मेली! पहिला शब्द वाचला. उडीद. मूग. हरभराडाळ.

वाचता वाचता मी विचारत होते, "कसं झालं गं असं? तू ठीक आहेस ना? काही खाल्लंस का?"

"हो आई. मी कंपनीकडे तक्रार केली, त्यांना मेलही पाठवला. तू वाच पुढचं."

मी वाचलं पुढचं. धने. मोहरी. हळद. आणि वाचताना, खोटं कशाला सांगू, मनाच्या एका कोपऱ्यात मला फार बरं वाटलं. एवढ्या संकटात पोर किती स्वच्छ बोलते आहे! तक्रार केली. मेल पाठवला. एकही चूक नाही. तीस वर्षं मी घसा फोडला, शेवटी फळ आलं म्हणायचं. नववा शब्द सांगितला आणि राहवलं नाही मला. दहावा डबा हातात घेऊन मी म्हणाले, "शाबास गं माझी बाई! आज पहिल्यांदा 'तक्रार केली' म्हणालीस."

पलीकडे आवाज हसला. "म्हणजे काय आई? तक्रार केलीच म्हणणार ना. वाच ना."

डबा हातातच राहिला. माझी मुलगी असं बोलणारच नाही. तिला शाबासकी दिली की ती भडकते. ती म्हणाली असती, आई, इथे माझा जीव चाललाय आणि तू व्याकरण काय काढतेस, पुरे तुझी शाळा. आणि "तक्रार केलीच म्हणणार"? जन्मात म्हणणार नाही! मरताना म्हणणार नाही! आवाज पोरीचा होता, नंबर पोरीचा होता, फक्त मराठी पोरीची नव्हती. ती पुण्यासांगलीची होती. माझी होती.

"आई? आई, वेळ नाहीये."

मी फोन बंद केला. हातातला डबा ओट्यावर ठेवला तो खणकन वाजला, आणि त्या आवाजानं नवरा पेपर टाकून आत आला. मी खाली बसले होते, केसांत तूरडाळ. "काय झालं?" मी सांगितलं. नऊ शब्द गेले, तेही सांगितलं. तो बिचारा म्हणाला, "बँकेत जाऊन सांगूया."

"कुठल्या बँकेत, अहो? बँक असती तर हे झालं असतं का!"

उगाच ओरडले त्याच्यावर. लेकीचा नंबर पुन्हा वाजत होता, तिचा हसरा फोटो येत होता आणि जात होता. मी तो फोन पदराखाली झाकून ठेवला. तेवढ्यात नवऱ्याच्या फोनवर एक अनोळखी नंबर आला.

"अप्पा! आईला फोन दे! लगेच!"

मी हात पुढे केला आणि मागे घेतला. हाही तोच असेल तर? आवाज घोगरा, मागे यंत्रांचा खडखडाट, नंबर परका. पहिल्या फोनवर सगळं बरोबर होतं आणि तो खोटा होता, मग हा तर कुठूनच बरोबर वाटत नव्हता.

"कोण बोलतंय?" मी विचारलं.

"आई, मी! सकाळी माझा सिम बंद पडला, कुणीतरी माझ्या नंबरचा डुप्लिकेट सिम काढलाय. माझा मेलही त्याच्या हातात गेला. त्या मेलमधून माझा फोन लांबूनच पुसून टाकला, फोन कोरा झालाय, काहीच नाही त्यात! मी मशीनवाल्यांच्या फोनवरून बोलतेय. अप्पांचा नंबरच तेवढा पाठ होता."

"सकाळपासून काय काय केलंस ते नीट सांग."

"आई, काय बोलतेस तू! मी इडली पण खाल्ले नाही, धावत पोलिस स्टेशनला गेले, तक्रार केले, आणि तू…"

तक्रार केले! अहाहा! त्या चुकलेल्या क्रियापदाइतकं गोड मी आयुष्यात काही ऐकलेलं नाही. मला रडूच आलं. "तूच आहेस गं बाई, तूच आहेस," मी म्हणत राहिले, आणि तिला वाटलं आईचं डोकं फिरलं.

मग मी नऊ शब्दांचं सांगितलं. "डबे घासायला टाकू नका, खाली शब्द आहेत, असं मी अप्पांना एकदा मेल लिहिले होते," एवढंच ती म्हणाली. चार वर्षं तिनं मान मोडून काम केलं ते माझ्या तोंडातून निघून चाललं होतं, आणि ती मला एका शब्दानं टाकून बोलली नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"उरलेले तीन त्याला कळले नाहीत ना," नवरा म्हणाला, "मग झालं तर."

"अप्पा, तीन शब्द म्हणजे काही नाही. हे शब्द एका ठरलेल्या यादीतलेच असतात. काँप्युटर एकेक लावून बघत बसेल. काही तासांत सापडतील."

आता गणित माझा विषय आहे. बारा शब्द शोधायला लागले असते तर सूर्य विझेपर्यंत सापडले नसते. तीन म्हणजे दुपारची गोष्ट. मी उठले. केस झटकले. "बोल, काय करायचं? तुझ्याकडे फोन नाही, आमच्याकडे डबे आहेत. मी करते."

"आई, तुला नाही जमणार गं…"

"मला जमणार नाही असं तुझा बापसुद्धा म्हणत नाही! सांग."

ती सांगत गेली, नवऱ्याच्या फोनवर. मी माझ्या फोनवर करत गेले. आधी ॲप घ्यायचं. शोधल्यावर एकाच नावाची पाच निघाली, सगळ्यांची चित्रं सारखी, जुळ्या भावांसारखी. "बनावट असतात आई, शब्द घातले की चोराकडे जातात." आम्ही एकेक वाचलं, बनवणाऱ्याचं नाव अक्षरन् अक्षर ताडून पाहिलं, मग घेतलं. त्याच वेळी वरून तिच्या नंबरचा मेसेज घसरत आला, "आई, हे ॲप घे, यावर क्लिक कर." काय हा निर्लज्जपणा! चोर तो चोर आणि वर शिरजोर. बोट लागलं असतं तर संपलं असतं. आणि मग फोन. मी एक शब्द लिहायला घ्यावा की सगळा पडदा व्यापून लेकीचा हसरा फोटो यावा.

"ब्लॉक कर," लेक म्हणाली.

तुम्ही कधी स्वतःच्या मुलीला ब्लॉक केलंय? तो फोटो तिच्या पदवीदानाचा होता, मीच काढलेला. अंगठा काही केल्या खाली जाईना. "आई, ती मी नाही," पलीकडून ती हळूच म्हणाली. मी डोळे मिटून दाबलं.

नवरा डबे उचलून बुडं वाचत होता, मी लिहीत होते. त्याचं इंग्रजी स्पेलिंग रेल्वेतलं, पक्कं. तूर ते मेथी, बारा. मेथीचा डबा त्यानं घाईत उलटाच केला आणि ओटा मेथीदाण्यांनी भरला. मी शेवटचा शब्द घातला, गोल गोल काहीतरी फिरलं, आणि पडद्यावर लेकीचं सगळं धन आलं. होतं! जागच्या जागी होतं! आम्ही दोघं एकमेकांकडे पाहून वेड्यासारखे हसलो.

"हसू नका, आता पुढचं," फोनमधून आवाज आला. लेकीचा आवाज आता पूर्वीसारखा झाला होता, हुकूम सोडणारा.

आता नवं वॉलेट काढायचं, आणि जुन्यातलं सगळं त्यात टाकायचं. नव्याचे नवे बारा शब्द. ते पडद्यावर आले तशी मी वाचायला तोंड उघडलं.

"नको!" ती ओरडली. "मला सांगू नकोस! कुणालाच नाही, मलाही नाही. फोनवर तर कधीच नाही."

बरोबर होतं तिचं. पण लिहायचे कशावर? कागद तर नकोच होता. माझ्याकडे शाळेतले खडू पडून आहेत अजून. रिटायर झाले तेव्हा पेटी घरी आणली होती. स्वयंपाकघराची जमीन लाल, गुळगुळीत. मी गुडघ्यावर बसून जमिनीवरच बारा शब्द लिहिले, फळ्यावर लिहायचे तशा अक्षरात, आणि नवऱ्याला बजावलं, इथे पाय ठेवलात तर याद राखा. तो बिचारा उंबऱ्यात उभा राहिला दारवानासारखा. कामवाली आली तेव्हा त्यानं तिला दारातूनच तमिळमध्ये सांगितलं की आज मॅडमचं डोकं ठिकाणावर नाही, उद्या ये. हे बाकी तिला लगेच पटलं.

मग पाठवायचं. नव्या वॉलेटचा पत्ता म्हणजे लांबलचक अक्षरं आणि आकडे, अर्थ काही नाही, डोळे फिरतात. "एक अक्षर चुकलं तर परत येणार नाही," ती म्हणाली. अगं, मी आयुष्यभर पेपर तपासले आहेत! पोरांनी सहाचा आठ केलेला मला चष्म्याशिवाय दिसतो. मी एकीकडचा पत्ता वाचला, नवऱ्यानं दुसरीकडचा, अक्षरामागून अक्षर. मग आधी अगदी चिमूटभर पाठवून पाहिलं, मीठ चाखून बघावं तसं. ते चिमूटभर निघालं आणि पोहोचेना. पंखा फिरत होता, घाम निथळत होता, शिजायची अर्धवट राहिलेली डाळ कुकरात आंबत होती. कुठेतरी कुणाचं तरी काँप्युटर आमचे तीन शब्द शोधत बसलं होतं.

"आलं का?" लेक विचारायची.

"नाही."

"आलं का?"

"विचारू नकोस गं, मी सांगेन!"

आलं. नव्या घरात चिमूटभर आलं. मग मी उरलेलं सगळं टाकलं. फीपुरतं जे जाणार होतं ते गेलं. बोटानं "पाठवा" दाबताना मी देवाचं नाव घेतलं नाही, लेकीचं घेतलं. आणि पुन्हा ते गोल गोल फिरणं. मी पडद्याकडे बघत नव्हते, नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याचं तोंड हळूहळू उघडलं, आणि तो माणूस, जो रिटायर होताना हारसुद्धा संकोचून घालून घेत होता, तो मोठ्यांदा ओरडला, "वंदुरुच्चु!" आलं! सगळं आलं!

जुनं वॉलेट रिकामं. नवं भरलेलं. पलीकडे कोइमतूरच्या कारखान्यात माझी मुलगी रडत होती आणि हसत होती आणि मशीनवाल्याला तमिळमध्ये काहीतरी सांगत होती, आणि तो म्हातारा मागून विचारत होता की कुणी गेलं का. मी म्हटलं, "रडू नकोस. आधी काहीतरी खा. आणि मग त्यांना सांग, मशीन आम्ही घेतोय." इतका आनंद मला पहिला पगार झाला तेव्हाही झाला नव्हता. मी जमिनीवर खडूच्या शब्दांशेजारी बसून राहिले, केसांतली डाळ वेचत, आणि मनाशी म्हटलं, जिंकलो बाई आपण!

संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. मी उचलला. एका तरुण पोराचा आवाज. या वेळी त्याचा स्वतःचा, काँप्युटरनं लेकीसारखा बनवलेला नाही.

"काकू, वॉलेट रिकामं आहे."

ऐका हो! तक्रार करायला फोन केला त्यानं! म्हणजे ते तीन शब्द सापडले होते त्याला. दुपार पुरली. तासभर आम्ही आरामात बसलो असतो तर काही उरलं नसतं.

"रिकामं असणारच," मी म्हणाले. "माझ्या लेकीचं आहे ते. तिच्याकडे आहे."

"तुम्ही ओळखलंत कसं?" त्यानं विचारलं. अगदी खरोखर कुतूहलानं विचारलं, मागच्या बाकावरचा हुशार मुलगा विचारतो तसं. मराठी इतकी नीटस की कुणाच्या घरी वाढला असेल हा, असं वाटून गेलं. जिभेवर उत्तर आलं होतं. शाळेत प्रश्न विचारणाऱ्याला मी कधी विन्मुख पाठवलं नाही.

"अभ्यास कर मेल्या," मी म्हणाले, "पण असला नको," आणि फोन ठेवला. त्याचा नंबर आम्ही पोलिसांना दिला. पुढे काय झालं माहीत नाही.

नवे बारा शब्द आता कुठे कोरले आहेत ते मी सांगणार नाही. लेकीनं स्वतः कोरले. तिचा नवा नियम असा की ते तिनं स्वतः समोर उभं राहून मागितले तरच द्यायचे, आणि तेव्हाही आधी कारण विचारायचं.

मशीन आली ती एका लांबलचक ट्रेलरवरून, ताडपत्रीत गुंडाळलेली. गिंडीतली ती गल्ली एवढी अरुंद की ट्रेलर वळेना, मागे शेअर ऑटोंची रांग लागली आणि सगळे हॉर्न वाजवू लागले. एकच गोंधळ. क्रेनवाला उतरला, मशीन खाली घेण्यापूर्वी त्याला कुणाची तरी सही पाहिजे होती. त्यानं आमच्याकडे पाहिलं. पांढऱ्या शर्टातला नवरा, इस्त्रीची साडी नेसलेली मी, आणि बाजूला ग्रीस लागलेल्या पँटमध्ये केस बांधून उभी असलेली एक मुलगी. तो कागद घेऊन सरळ नवऱ्याकडे आला.

"ओनर यारु, सार?"

मालक कोण? मी तोंड उघडणारच होते. अशा वेळी मी गप्प बसत नाही. पण नवऱ्यानं माझा हात धरला आणि आम्ही दोघं एक पाऊल मागे सरलो. गल्लीत एवढे हॉर्न वाजत होते, तरी तिचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

"नान दान," लेक म्हणाली. मीच. आणि तिनं त्याच्या हातातलं पेन घेतलं.